अंथरुणही नको, अट्टहासही नको

शिरोळ तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात कुणाच्या कंबरेत उसण भरली की सल्ला देणारे दोन पंथ लगेच उभे राहतात. एक म्हणतो, "पंधरा दिवस पाठ टेकून पड, उठायचं नाव काढू नकोस." दुसरा म्हणतो, "बसलास की कंबर धरणारच. चार मोळ्या उचल, आपोआप सुटेल." दोघेही मायेनं बोलतात आणि दोघेही चुकतात.

पहिल्या पंथाचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये हलू देत नाहीत, मग दुखरी कंबर का हलवायची? पण बहुतेक कंबरदुखीत काही मोडलेलंच नसतं. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस अंथरुणात ठेवलं, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितलं. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला, अंथरुणातला सर्वांत उशिरा. पडून राहिलं की स्नायूंची ताकद जाते आणि हलायची भीती मनात बसते.

"पण एमआरआयमध्ये गॅप दिसलाय!" दिसेलच. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यातली चकती झिजलेली आढळली. फोटोतली झीज म्हणजे खाटेला खिळण्याचा हुकूम नव्हे.

आता दुसरा पंथ. हालचाल हवी, हे त्याचं म्हणणं खरं; पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं ही हालचाल नाही, तो भार आहे. हेलसिंकीत ठरवून व्यायाम करणारेसुद्धा साधी कामं करणाऱ्यांच्या मागेच राहिले. याच पंथातले काही जण पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ सुचवतात. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय लाथेला मिळतं. आत मणका पिचलेला किंवा क्षयानं पोखरलेला असेल, तर तीच लाथ महागात पडेल.

मग करायचं काय? शिरोळच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको की पाणी तोडलं तर ऊस वाळतो आणि सोडतच राहिलं तर रान क्षारपड होतं. विश्रांतीही पाळीनंच द्यावी. दुखणं असह्य असेल तर एखाददुसरा दिवस पडावं, पण मधूनमधून उठून घरात फिरावं. मग बांधावर नव्हे, सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालावं आणि रोज अंतर वाढवावं. किंचित दुखलं तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर अंतर कमी करावं, चालणं बंद करू नये. बरं वाटल्यावरही चालणं सोडू नये. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, इतरांचं ११२ दिवसांनी.

अपवाद मात्र पक्के लक्षात ठेवा. पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, ताप, घटणारं वजन किंवा पडल्यानंतरचं दुखणं, यांतलं काहीही असेल तर घरगुती सल्ले बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठावा.

राहिला प्रश्न पोटाचा. ज्याचा खाडा धरला जातो, त्याला हा समतोल कितीही पटला तरी पाळता येत नाही. म्हणून मुकादमांनी आणि कारखान्यांनी कंबर दुखणाऱ्याला काही दिवस मोळ्या वाहण्या-भरण्यातून सूट द्यावी आणि त्याचा खाडा धरू नये. घरच्यांनीही उसण भरलेल्या बाईच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा उतरवून घ्यावा; तिला झोपवूनही ठेवू नये आणि जुंपूही नये.