गावाचा हॉल, गावाची अमानत

गावात साखरपुडा असो, बचत गटाची बैठक असो की मयतीला आलेल्या पाहुण्यांची सोय असो, पहिला प्रश्न एकच: बसायचं कुठं? पुरुषांना पार आहे, नाक्यावरचं हॉटेल आहे. बायकांचं काय?

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांपुढेही हाच प्रश्न होता. चार माणसं जमायची तर चर्च, शाळा आणि पब एवढ्याच जागा. चर्च म्हटलं की पंथ आला, शाळा मुलांची, आणि पबमध्ये बायकांनी किंवा दारू न पिणाऱ्यांनी जायचं कसं?

१९१८ मध्ये पहिलं महायुद्ध संपलं. गावोगावचे कितीतरी तरुण परतलेच नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी नुसता दगड उभारण्याऐवजी अनेक गावांनी हॉल बांधला. कुठं जमीनदारानं नाममात्र किमतीत जागा दिली, तर कुठं लष्करानं विकायला काढलेली लाकडी बराक आणून उभी केली. यात बायकाही पुढे होत्या. १८९७ साली कॅनडात सुरू झालेलं ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ हे ग्रामीण महिलांचं मंडळ १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या एका गावात आलं आणि पुढे खेडोपाडी पसरलं. त्यांना बैठकीला जागा हवी होती, म्हणून कितीतरी गावांत हॉलसाठी त्यांनीच पैसे जमवले. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं साखर दिली तेव्हा बागेतली वाया जाणारी फळं जॅम करून टिकवण्याचं काम अशा हॉलमधूनही चाललं.

आज इंग्लंडमध्ये असे सुमारे १०,००० हॉल आहेत. बहुतेक हॉल धर्मादाय ट्रस्टच्या हाती आहेत आणि कारभार गावकरी बिनपगारी बघतात. समितीत निवडून आलेली माणसं असतात, तसेच हॉल वापरणाऱ्या मंडळांचे प्रतिनिधीही असतात. जो वापरतो, तो सांभाळतो. वर्षातून एकदा सभा भरते आणि हिशेब सर्वांपुढे ठेवला जातो.

अर्थात इमारती म्हाताऱ्या होतातच. छप्पर गळतं, लाकडी जमीन कुजते. जुन्या छपरात ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काढायला जाणकार माणूस लागतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर मधल्या काळात कुणी सिमेंट थापलेलं असतं, त्यामुळे ओल आतच अडकते. ते खरवडून पुन्हा चुना लावावा लागतो. व्हीलचेअरसाठी उतार हवा, स्वयंपाकघर नवं हवं. मग गाव कामाला लागतं. कुणी केक भाजून चहासोबत विकतं, कुणी जुन्या कपड्यांचा बाजार मांडतं. काही गावांत ‘छपराच्या एका फरशीचे पैसे द्या’ असं आवाहन होतं, म्हणजे गरिबाचाही वाटा पडतो. ज्याच्याकडे पैसा नाही तो रंगाचा ब्रश हाती घेतो. २०२२ मध्ये सरकारनं हॉल सुधारण्यासाठी ३० लाख पौंडांचा निधी जाहीर केला, पण त्यातून खर्चाचा काही भागच मिळणार होता. बाकीची रक्कम गावानंच उभी करायची.

मात्र नुसत्या पैशानं हॉल वाचत नाही. सकाळी लहान मुलांचा गट, दुपारी वृद्धांचं जेवण, संध्याकाळी बॅडमिंटन, कुठं आठवड्यातून काही तास पोस्ट ऑफिस. अशी रोजची ये-जा असली की छपरातली पहिली गळती लगेच दिसते आणि थोडक्यात दुरुस्त होते. भाड्याच्या छोट्या रकमेतून वीजबिलही भागतं. कुलूप लावलेल्या हॉलची गळती मात्र वासे कुजल्यावरच कळते.

आपल्या मोहल्ल्यांतही जमातीचे हॉल आहेत. लग्नसराई सरली की त्यातले कितीतरी बंद पडून असतात. दुरुस्तीचा विषय निघाला की आपण परदेशी गेलेल्या मुलांकडे नाहीतर आमदाराकडे बघतो. त्याआधी घरातच तीन प्रश्न विचारून बघा. हॉलची किल्ली कुणाकडे आहे? गेल्या वर्षीचा हिशेब कुठं लावलेला आहे? आणि समितीत एक तरी बाई आहे का? मुलींची अभ्यासिका, शिवणवर्ग, म्हाताऱ्यांची दुपारची बैठक यांतलं एक जरी सुरू झालं, तरी तो दरवाजा रोज उघडेल. जमातीच्या पुढच्या बैठकीला घरातून कुणी जाणार असेल, तर हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.