हजेरी देणाऱ्या हाताची मर्यादा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीनची काढणी ऐन भरात आली होती आणि आभाळ दाटून येत होतं. अशा दिवसांत मजूर मिळणं म्हणजे लॉटरी लागणं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आमच्या शिवारात एक मोठे बागायतदार आहेत. त्यांनी नऊ बायकांची एक टोळी सांगून ठेवली होती. ऐनवेळी टोळी गेलीच नाही. त्यांनी हजेरीवर पन्नास रुपये जास्त कबूल केले, निरोपावर निरोप धाडले, तरी बायका गेल्या नाहीत. त्याच बायका दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दरात माझ्या रानात आल्या.

मला नवल वाटलं. दुपारी बांधावर भाकरी खायला बसल्यावर टोळीच्या म्होरक्या मावशींना विचारलं, "जास्तीचे पैसे सोडून इकडं कशा आलात?" आधी कुणी बोलेना. मग मावशी म्हणाल्या, "पैसं देताना हात लै येळ धरत्यात. भारा उचलून देताना नगं तिथं हात लागतो. म्हाताऱ्या बाईचं एक चालतं, पर तरण्या पोरी कशा न्यायच्या?"

मी मान डोलावली. आपण त्यातले नाही, असं मनात म्हणून जरा सैल झालो. तेवढ्यात मावशी पुढं म्हणाल्या, "अण्णा, रागावू नगा. तुमीबी बोलताना पोरींच्या पाठीवर हात टाकता. तुमच्या मनात काय नसंल, पर पोरी आखडत्यात."

मी म्हटलं, "अहो मावशी, मला सगळ्या लेकीसारख्या."

"लेकीला तुमी हजेरी देता व्हय?" मावशी म्हणाल्या. "लेक तुमाला म्हणंल, बाबा हात काढा. ह्या कशा म्हणत्याल?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षं शेती केली, गावच्या पंचायतीत बसलो, चार लोकांत मान आहे. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता.

'नाही' म्हणण्याची किंमत

आपल्याकडं अशा गोष्टीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "माझ्या मनात तसं काही नव्हतं." असेलही तसं. पण प्रश्न आपल्या मनाचा नाहीच. ज्या अंगावर हात पडला, त्या माणसाला तो हवा होता का, एवढाच प्रश्न आहे. आणि नको असेल तर 'नको' म्हणण्याची तिला सोय होती का?

रोजंदारीवर आलेल्या बाईला ती सोय नसते. संध्याकाळची हजेरी मालकाच्या हातात, उद्याचं बोलावणंही त्याच्याच हातात. ऊसतोडीचं तर विचारूच नका. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती घरखर्चात, लग्नकार्यात, दवाखान्यात संपलेलीही असते. फडावर मुकादमानं किंवा आणखी कुणी अंगलट केली तर ती बाई तोंड उघडणार कशी? तोंड उघडलं तर उचल फेड म्हणतील. म्हणून ती गप्प बसते आणि आपण म्हणतो, "काही असतं तर बोलली नसती का?"

रोजगाराच्या सरकारी कामावर मस्टर लिहिणारा असतो. अंगणवाडीच्या ताई, आशा कार्यकर्त्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी, या सगळ्यांच्या मानधनाचा, सहीचा, अहवालाचा दोर कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो. ज्याच्या हातात दोर, त्यानं आपला हात जपून वापरायचा. इतकी साधी गोष्ट आहे.

काही जण म्हणतील, शेतीच्या कामात हात लागणारच. खरं आहे. चाऱ्याचा भारा डोक्यावर द्यावा लागतो, ट्रॉलीत चढताना आधार लागतो, फवारणीचा पंप पाठीवर चढवताना पट्टा ओढावा लागतो. कुणी पडलं, कुणाला विंचू चावला, तर उचलून न्यावंच लागतं. त्याला कुणी हरकत घेत नाही. कामापुरता लागलेला हात आणि कामाचं निमित्त करून लावलेला हात, यातला फरक बाईला क्षणात कळतो. खरं सांगायचं तर लावणाऱ्यालाही कळतो.

हा कायदा शहराचा नव्हे

'लैंगिक छळ', 'समिती' असले शब्द निघाले की गावात लोक हसतात. म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या ऑफिसातलं खूळ आहे. त्यांना हा कायदा कुठून आला ते सांगायला हवं.

राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचं खेडं आहे. तिथल्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत. आपल्या अंगणवाडी ताईंसारखंच तुटपुंज्या मानधनाचं, घरोघर जाऊन सांगण्याचं काम. १९९२ साली त्यांनी गावातला एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे सरकारनं दिलेलं कामच केलं. त्याचा राग धरून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. काम करताना बाईवर असा प्रसंग आला तर जबाबदारी कुणाची, हा त्यांचा सवाल होता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल लागला आणि कामाच्या ठिकाणी बायकांच्या संरक्षणाचे नियम पहिल्यांदा घालून दिले गेले. त्याच नियमांवरून २०१३ चा कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे.

तेव्हा हा कायदा शहरातल्या थंड खोलीत सुचलेला नाही. गावात काम करणाऱ्या एका बाईनं त्याची किंमत मोजली आहे. आपल्यापर्यंत यायलाच त्याला उशीर झाला.

कायदा काय सांगतो

शेतकरी बंधूंनो, आपल्या कामाचं तेवढं लक्षात ठेवा. या कायद्यात नको असलेला अंगस्पर्श आला, अंगलट आली, तशी मागणी आली, अचकट-विचकट बोलणं आलं, घाणेरडी चित्रं दाखवणंही आलं. रोजंदारीवरची बाई, मुकादमामार्फत आलेली बाई, मानधनावरची किंवा बिनपगारी काम करणारी बाई, सगळ्यांना तो लागू आहे. कामाची जागा म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे. असंघटित कामाची जागा त्यात येते आणि कामावर ने-आण करण्यासाठी मालकानं दिलेलं वाहनही येतं. म्हणजे टेम्पो आणि ट्रॉली त्यातून सुटलेली नाहीत.

जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, मग ती जिनिंग असो, दूध संस्था असो, पतसंस्था असो, तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमायचीच आहे. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. जिल्ह्याला हेलपाटा नको म्हणून ग्रामीण भागात तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा आहे. त्यानं आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडं पाठवायची असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला समितीनं मदत करायची आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तिचं नाव-गाव कुणी बाहेर फोडायचं नाही. शिवाय पोलिसांचा रस्ता आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नकोसा अंगस्पर्श आणि अंगलट हा गुन्हाच आहे. कलम ७५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या रानात कुणाच्या बायका राबतात हे आपल्याला माहीत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूनं हात लावणं हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली २०१६ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, बाईनं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. "ती बोलली का नाही?" या आपल्या नेहमीच्या सवालाला कायद्यानं दिलेलं हे उत्तर आहे.

कागदावर एवढं सगळं आहे. पण किती गावांत आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण हे ठाऊक आहे? डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच राज्यांना बजावावं लागलं की जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या नेमा. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर ही वेळ आली. यातच काय ते समजा.

"मग बायका कामाला ठेवायच्याच नाहीत?"

हा सवाल पारावर हमखास येतो. याला माझं उत्तर आहे, ठेवू नका, आणि मग खुरपणी, वेचणी, काढणी, निंदणी कोण करतं ते बघा. बायका मजुरीला मिळेनात ही आज प्रत्येक गावची ओरड आहे. त्या ओरडीमागं दर आहे, गावाबाहेरचं काम आहे, सगळं आहे. पण काही बांध असे आहेत की जिथं बायका दर वाढवूनही जात नाहीत. त्याचं कारण आपण कधी विचारत नाही. बायकांना मात्र गावातल्या प्रत्येक मालकाचा हात ठाऊक असतो. पाण्यावर, दळणावर, बचत गटाच्या बैठकीत ती माहिती फिरत असते.

दुसरा सवाल खोट्या तक्रारींचा. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर त्यावरही कायद्यात कारवाई आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यानं ती खोटी ठरत नाही. आणि मला सांगा, भावकीत, नवऱ्यापुढं, गावापुढं स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायला कोणती बाई हौसेनं पुढं येईल? तक्रार आली की आपण आधी तिच्या पदराचा, हसण्याचा, बोलण्याचा हिशेब मांडतो. हात लावणाऱ्याचा हिशेब सगळ्यात शेवटी येतो.

करायचं काय?

खर्चाचं काहीच नाही. मजुरीचे पैसे चारचौघांत, बांधावर, मोजून द्यावेत. नोट हातात कोंबायची नाही, हात धरायचा नाही. बाईला एकटीला पैसे न्यायला घरी किंवा गोठ्यावर बोलावू नये. भारा उचलायला दोन बायका एकमेकींना हात देतात, नाहीतर तो उंच बांधावर ठेवला की डोक्यावर घेता येतो. ट्रॉलीला पायरी लावून घ्या आणि बायका-गडी कोंबून नेऊ नका. मस्टरवर अंगठा घेताना बाईचा हात आपल्या हातात धरून दाबायची गरज नसते. पॅड पुढं सरकवला की ती अंगठा लावते.

सरपंच आणि ग्रामसेवक यांना विनंती आहे. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर पंचायत समितीतून लिहून आणा. तो ग्रामपंचायतीच्या, अंगणवाडीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर ठळक रंगवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नुसत्या सह्यांपुरती न घेता त्यात हा विषय ठेवा आणि त्या वेळी गडीमाणसांनी बाहेर थांबा. आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या सदस्यांशी सभेत, ऑफिसात आपण कसे वागतो, हेही एकदा तपासा. खुर्चीवरची बाईच अंग चोरून बसत असेल तर शेतातली बाई कुणाकडं दाद मागणार?

मुकादमांनाही एक सांगणं आहे. टोळीची जबाबदारी नुसती उचलीपुरती नसते. तुमच्या शब्दावर बायका घर सोडून येतात.

माझं म्हणाल तर पहिले काही दिवस हात आपोआप उठायचा आणि मी तो मागं घ्यायचो. सवय होती, जायला वेळ लागला. आता बोलताना मी दोन हात लांब उभा राहतो. पोरी पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, कामातल्या चुका तोंडावर सांगतात. गेल्या हंगामात मावशी म्हणाल्या, "अण्णा, पुढच्या वर्साला आधी तुमचं रान काढू." शेतकऱ्याला याहून मोठं प्रमाणपत्र कोण देणार?