मोहाचे लाडू आणि वळणारे हात

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर येथे आदिवासी स्त्रिया मोहफुलांचे लाडू वळून विकतात. जे फूल सरकारदरबारी केवळ दारूचे म्हणून ओळखले गेले, त्यास खाद्याची प्रतिष्ठा मिळाली, याचे आम्हांस समाधान वाटते. परंतु अशा लघुउद्योगांना ‘उत्पादकता’ शिकविण्याची जी घाई चालली आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेत प्रशिक्षण आहे, अवजारे आहेत, वेष्टनही आहे. पण चुलीचा धूर आणि दिवसभर बसून अवघडलेली पाठ कोणत्या रकान्यात मांडणार? छोट्या कारखान्यांत कामाचा ओटा कोपराच्या उंचीवर आणला, उजेड वाढविला, की माल वाढतो आणि श्रमही हलके होतात, त्यास मोठे भांडवल लागत नाही, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८८ सालीच पुस्तक काढून सांगितले होते. (आमच्या किनाऱ्यावर कोकमाच्या बियांचे तेल काढणाऱ्या बायकांनाही ते तितकेच लागू आहे.) उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने प्रशिक्षकास आधी फळ्याकडे नव्हे, चुलीकडे न्यावे. आणि वाढलेल्या मालाचा पैसा कोणाच्या पदरी पडतो, याचा हिशेब त्याच बैठकीत त्या बायकांसमोर मांडावा.