कयफाचा दोष कुणाच्या माथी?

आज गुड फ्रायडे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये आज दुपारी योहानाच्या शुभवर्तमानातले येशूचे दुःखसहन वाचले जाईल. बागेतली अटक, हन्नाच्या घरची चौकशी, पिलातासमोरचा खटला, गुलगुथा. यहुद्यांनी हे केले, यहुद्यांनी ते मागितले, असे या वाचनात पुन्हापुन्हा कानावर येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक अख्खा समाज आरोपी म्हणून उभा राहतो. ज्याला क्रुसावर चढवले तो यहुदी होता, त्याची आई यहुदी, घाबरून पांगलेले शिष्य यहुदी आणि खिळे ठोकणारे मात्र रोमन शिपाई होते, हे ऐकता ऐकता निसटून जाते. ते निसटल्याची किंमत इतिहासात फार मोठी मोजली गेली आहे. म्हणून आजच त्याबद्दल बोलले पाहिजे.

येशूला पकडणारा मुख्य याजक कयफा हा लोकांनी निवडलेला धर्मगुरू नव्हता. त्या काळी यरुशलेमचा मुख्य याजक रोमन सुभेदार नेमत आणि सुभेदारच काढत. कयफाचा सासरा हन्ना याला इ.स. १५च्या सुमारास पदावरून दूर केले आणि त्यानंतरचे तिघे भराभर बदलले. कयफा मात्र १८ ते ३६ अशी सुमारे अठरा वर्षे टिकला. रोमनांची मर्जी सांभाळल्याशिवाय हे शक्य नव्हते. मुख्य याजकाची सणासुदीची वस्त्रेसुद्धा मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया गढीत रोमनांच्या ताब्यात मोहरबंद असत, असे जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो. सण सात दिवसांवर आला की ती बाहेर काढायची, सण आटोपला की परत गढीत जमा करायची. देवापुढे उभे राहायचे वस्त्रही परक्या सत्तेकडून मागून आणावे लागणारा हा माणूस होता.

त्यात सण वल्हांडणाचा, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या आठवणीचा. गावोगावचे यात्रेकरू शहरात लोटत आणि दंगा होऊ नये म्हणून सुभेदार कैसरियाहून फौज घेऊन यरुशलेमात येई. नेमक्या अशा दिवसांत गालीलातला एक उपदेशक मंदिराच्या आवारात सराफांचे चौरंग उलथवतो. रोमन येतील आणि मंदिर व लोक दोन्ही धुळीला मिळवतील, त्यापेक्षा एक माणूस गेलेला बरा, असा विचार योहानाने कयफाच्या तोंडी घातला आहे. हा विचार निर्दय होता, अन्यायाचा होता, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण सत्ता टिकवू पाहणाऱ्या मूठभर याजक घराण्यांचा तो निर्णय होता, आणि वधस्तंभाची शिक्षा द्यायचा अधिकार रोमन सुभेदार पिलाताकडे होता.

हा संघर्ष पुढेही चालला. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाला. तार्ससचा शौल येशूच्या अनुयायांना हुडकत फिरला आणि नंतर स्वतःच पौल होऊन त्यांच्यात सामील झाला. आपल्याला यहुद्यांकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके बसले, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. ही सभास्थानाची शिक्षा होती आणि ती सभास्थानातल्या माणसालाच देता येत असे. पौलाला पाठ फिरवून निघून जाता आले असते. त्याने पाचही वेळा पाठ पुढे केली, कारण तो स्वतःला त्याच घरचा मानत होता.

आणि धर्मपुढारी म्हणजे सगळे एका माळेचे मणी नव्हते. मंदिराची सत्ता प्रामुख्याने सदूकी पंथाच्या हाती होती आणि मेलेले पुन्हा उठतात हे त्यांना मुळातच मान्य नव्हते. परूशी पंथाचे लोक ते मानत. प्रेषितांना न्यायसभेपुढे उभे केले तेव्हा त्यांना सोडून द्या, असे सांगायला उठला तो गमलिएल हा परूशी पंडित. हे काम माणसांचे असेल तर आपोआप मोडेल आणि देवाचे असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेला आहे.

त्याहून बोलका प्रसंग इ.स. ६२चा आहे. आपल्याकडे तो क्वचितच सांगितला जातो. सुभेदार फेस्तस वारला होता आणि नवा सुभेदार आल्बिनस अजून वाटेत होता. ही मधली पोकळी साधून हन्नाचा धाकटा मुलगा, त्याचेही नाव हन्नाच, मुख्य याजक म्हणून न्यायसभा बोलावतो आणि येशूचा भाऊ याकोब व इतर काहींना नियमभंगाच्या आरोपाखाली दगडमाराला पाठवतो. यावर शहरातले न्यायी आणि नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेले लोक भडकले, असे जोसेफस लिहितो. हे परूशी असावेत, असे बरेच अभ्यासक मानतात. त्यांनी राजा अग्रिप्पाकडे गुपचूप निरोप धाडला. काही जण तर अलेक्झांड्रियाहून येणाऱ्या आल्बिनसला वाटेत गाठायला निघाले आणि तुमच्या संमतीशिवाय सभा भरवण्याचा हन्नाला अधिकारच नव्हता, हे त्यांनी त्याच्या कानी घातले. अवघ्या तीन महिन्यांत हन्नाचे पद गेले. यरुशलेममधल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख असलेल्या याकोबासाठी न्याय मागायला धर्मनिष्ठ यहुदी धावले होते. गुड फ्रायडेच्या प्रवचनात याला जागा मिळायला हवी.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. याजकांची सत्ता संपली, सदूकी इतिहासातून नाहीसे झाले. योहानान बेन जक्काई यांच्यासारख्या पंडितांनी याव्ने गावी अभ्यासाच्या बळावर यहुदी धर्म पुन्हा उभा केला, तर दुसरीकडे येशूच्या अनुयायांत बिगर-यहुदी वाढत गेले. मंदिर नसलेल्या काळात इस्राएलचा खरा वारस कोण, हा वाद पेटला आणि चारही शुभवर्तमाने बहुतेक अभ्यासकांच्या मते मंदिराच्या नाशाच्या आगेमागे किंवा नंतर, याच धगीत लिहिली गेली. रोमविरुद्धच्या बंडानंतर रोमन सुभेदारावर बोट ठेवणे धोक्याचे होते. शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर ज्याला रोमला परत बोलावले गेले तो पिलात शुभवर्तमानांत हात धुणारा, कचरणारा माणूस होऊन येतो तो यामुळे, असे मला वाटते.

भाऊबंदांमधले हे कडू बोल पुढे परक्यांच्या हाती पडले. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो याने इस्राएलवर देवहत्येचा आरोप ठेवला. चौथ्या शतकात रोमन सम्राट ख्रिस्ती झाले आणि त्या आरोपाच्या पाठीशी राज्यसत्ता आली. १०९६ मध्ये क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले तेव्हा त्याच्या पहिल्या भक्ष्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांचे वंशज होते. इथल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांच्यापैकीच. त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्ये जिवंत जाळले. ओर्ता आदल्या वर्षीच वारले होते. १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. कयफाच्या अपराधाशी या भावंडांचा काय संबंध होता?

याच कोकणपट्टीत बेने इस्राएल यहुदी शतकानुशतके तेल गाळत, शनिवार पाळत, मराठी बोलत नांदले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीसह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. शेजाऱ्यांनी त्यांच्यावर कधी देवहत्येचा डाग लावला नाही, ही आपल्या मातीची जमेची बाजू आहे.

एका कयफाचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे चर्चला उमगायला मात्र आउशवित्झची मृत्युछावणी घडावी लागली. तिथे पत्नी आणि मुलगी गमावलेले फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि तिरस्काराची ही शिकवण थांबवा, अशी त्यांनी विनंती केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही.

हा ठराव ग्रंथालयात पडून राहण्यासाठी केलेला नाही. धर्मगुरूंना माझी विनंती आहे की, आज दुःखसहनाचे वाचन सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे घ्या. कयफाला कुणी नेमले ते सांगा, गमलिएल काय म्हणाला ते सांगा, याकोबासाठी कोण धावले ते सांगा, आणि मग वाचा.