तुमची वाट पाहणारं एक काम ठेवा

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, फोटो निघतात. पहिला महिना पाहुण्यांत आणि राहून गेलेल्या कामांत जातो. मग एक सकाळ अशी येते, की आंघोळ झाली, पेपर वाचून झाला आणि घड्याळात अजून नऊच वाजलेत.

राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत माणूस ५८व्या वर्षी घरी येतो. केंद्र सरकारात आणि बँकांत ६०व्या वर्षी. हातपाय धड असतात, डोकं चालत असतं. पुढची बरीच वर्षं नुसत्या आरामात निघत नाहीत. आराम दोन महिन्यांत पुरा होतो.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आठवड्यात एक तरी काम असं ठेवा, की तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी फोन करून विचारेल, "आज का आला नाहीत? बरं आहे ना?" बाकीचं सगळं त्याभोवती हळूहळू बसतं.

पहिले तीन महिने मात्र कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. घर विकू नका. हातात आलेले पैसे कोणाच्या धंद्यात घालू नका. तीन संस्थांचं सचिवपदही एकदम घेऊ नका. झोप नीट लागू द्या. घरात आपली जागा कुठे आहे ते पाहा. मग कामाला लागा.

वाट पाहणारं काम म्हणून शिकवण्यासारखं दुसरं नाही. तुम्ही शिक्षक नसलात तरी चालेल. बँकेत होतात तर शेजारच्या काकूंना पासबुक वाचायला आणि चेक लिहायला शिकवा. कारखान्यात फिटर होतात तर दोन पोरांना मोजपट्टी आणि पाना धरायला शिकवा. शिवणकाम येत असेल तर ते शिकवा. प्राध्यापक असाल तर कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळतं का ते विचारून या.

आणि दहावीची मुलं तर प्रत्येक गल्लीत असतात. काहींची शाळा मध्येच सुटलेली असते. त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. फॉर्म भरायला कोणीतरी सापडतं. गणित आणि इंग्रजी घ्यायला कोणी नसतं. तिथे तुमची गरज आहे. जवळ रात्रशाळा असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. मोठ्या माणसांना अक्षरओळख करून द्यायची असेल, तर सरकारच्या 'उल्हास' कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. जवळच्या शाळेत चौकशी करा.

शिकवताना घाई करू नका. एक उदाहरण देतो. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की बरीच मुलं वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात आणि दोन पंचमांश लिहितात. "चूक" म्हणून लगेच खोडू नका. कागदावर भाकरी काढा. अर्धी रंगवायला सांगा. तिच्यात आणखी एक तुकडा घाला. मग विचारा, "आता अर्ध्याहून जास्त झाली की कमी?" मूल म्हणेल, जास्त. "आणि दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?" आता गप्प बसा. मूल वहीकडे बघतं, पेन्सिल चावतं, बोटांवर काहीतरी मोजतं. मिनिटभर जाऊ द्या. उत्तर त्याचं त्यालाच खोडू द्या. नोकरीत असताना हे मिनिट तुमच्याकडे नव्हतं. आता आहे.

शिकवण्याचे काही नियम पाळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दिवसाला दीड-दोन तास, त्याहून जास्त नको. फी घ्यायची की नाही ते पहिल्याच दिवशी पालकांशी स्पष्ट बोला. मुलं घरी येत असतील तर दार उघडं ठेवा आणि घरात आणखी कोणी असू द्या. ते मुलांच्याही भल्याचं, तुमच्याही. गावाला जाणार असाल तर आधी सांगा. तब्येत बरी नसेल तर सुट्टी घ्या, संकोच करू नका.

आता छंद. छंद असा निवडा, की ज्यात हात चालतात आणि थोडं थोडं जमत जातं. पेटी शिका, चित्रं काढा, मोडी लिपी शिका. नुसतं मोबाइलवर बोट फिरवत बसलात तर दिवस संपतो आणि संध्याकाळी काही केल्यासारखं वाटत नाही.

काही सुचत नसेल तर मेथीपासून सुरुवात करा. दाणे रात्रभर भिजवा. सकाळी पसरट कुंडीत पेरा, वर मातीचा पातळ थर द्या, हलकं पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात. तीन-चार आठवड्यांत भाजीपुरती मेथी होते. अर्धी जुडी शेजारी द्या. त्या निमित्ताने दोन शब्द बोलणं होतं.

वाचनाची आवड असेल तर पुस्तकं घरी मागवण्यापेक्षा वाचनालयाचे सभासद व्हा. आपल्याकडे जुनी, चांगली वाचनालयं आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तालुक्याच्या गावीही एखादं सार्वजनिक वाचनालय असतं. पुस्तक बदलायला जावं लागतं, चार पायऱ्या चढाव्या लागतात, काउंटरवरची बाई नावाने ओळखू लागते. हे सगळं औषधासारखं लागू पडतं.

यानंतर घराबद्दल, आणि हे जरा लक्ष देऊन वाचा.

तुम्ही नोकरीत होतात तेव्हा दुपारचं घर तुमच्या पत्नीचं होतं. तिची झोप, तिची मालिका, तिचं भजनी मंडळ, भिशी. आता तुम्ही दिवसभर घरात आहात. तीन वेळा चहा मागता. डबे कुठे ठेवावेत ते सुचवता. तिला कोणी निवृत्तीचा समारंभ केलेला नाही. तिचं काम मात्र वाढलं आहे.

म्हणून घरातलं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. दळण, भाजी, बिलं भरणं किंवा सकाळचा चहा. पूर्ण म्हणजे तिला आठवण करून द्यावी लागू नये. ओटा पुसण्यापर्यंत सगळं त्यात आलं. आणि दुपारचे दोन तास तिचे तिला द्या.

ताईंनो, तुम्ही नोकरीतून निवृत्त झाला असाल तर तुमची अडचण उलटी असते. "आता आई घरीच आहे" असं म्हणत सगळं घर तुमच्यावर येऊन पडतं. स्वयंपाकाची बाई बंद करू नका. आपला रियाज, आपली सहल, आपला क्लास कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. लिहिलेलं असलं की घरचे मानतात.

नातवंडं सांभाळताना आनंद आहे आणि दमणूकही आहे. मुलाशी, सुनेशी किंवा मुलगी-जावयाशी वेळ ठरवून घ्या. चार ते सात म्हणजे चार ते सात. खाऊ, मोबाइल, अभ्यास यांत त्यांच्या आईबाबांचे नियम पाळा. मत विचारलं तर द्या, एकदाच द्या.

नात परदेशात असेल तर "कधी वेळ मिळेल तेव्हा बोलू" असं ठेवू नका. वार आणि वेळ ठरवा. रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ असतात. दोघांनाही सोयीचं. "जेवलीस का" विचारून फोन संपतो. त्यापेक्षा एक मराठी गोष्टीचं पुस्तक दोघांकडे ठेवा आणि दर रविवारी दोन पानं तिच्याकडून वाचून घ्या. तीही तुमची वाट पाहील.

मित्र-मैत्रिणींना फार जपा. ऑफिसातले बरेच जण ऑफिसापुरते असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जे उरतात त्यांना दर आठवड्याला एक फोन करा. कोणाचा जोडीदार गेला असेल तर तेराव्यानंतर जा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरं एकटेपण पुढे सुरू होतं.

दुसऱ्या गावचा मित्र असेल तर उठून भेटायला जा. आपल्या एस.टी.त ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत. गावातला ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. सकाळच्या कट्ट्यावर बसा. तिथे रोज फक्त गुडघे आणि साखर यांवरच बोलणं होत असेल, तर तुम्ही विषय बदला.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कमी ऐकू येऊ लागलं की माणूस चारचौघांत जाणं टाळतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर कान तपासून घ्या. यंत्र लावायला लाजू नका. चष्म्याला आपण लाजतो का?

अंगाला चालण्याची सवय ठेवा. आठवड्याला दीडशे मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. तोल सांभाळण्याचा व्यायामही करा, कारण या वयात पडणं महागात जातं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या.

शेवटी कागद. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर पेन्शन थांबते. प्रत्येक खात्याला नॉमिनेशन आहे का ते तपासा. मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं. राहतं घर आपल्या हयातीत कोणाच्या नावावर करण्याआधी चार वेळा विचार करा आणि वकिलाला विचारा. फोनवरच्या फसवणुकीपासूनही जपा. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या आणि मुलांना सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. फसलात म्हणून गप्प बसू नका.

आता एक कागद घ्या. सात वार लिहा. दोन वारांपुढे शिकवणं लिहा, एका वारापुढे वाचनालय, एका वारापुढे मित्र. बाकी रिकामं राहू द्या. सगळे दिवस भरायचे नाहीत.

आणि हे वाचणारे तुम्ही अजून नोकरीत असाल तर तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत दहावीचं मूल असेल, तर त्याच्या आईला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त सरांचं दार वाजवायला सांगा. सर नाही म्हणणार नाहीत.