लाखोली

शब्दांचे दिवस जसे फिरतात तसे माणसांचेही फिरत नसतील. ‘लाखोली’ या शब्दाचेच पाहा. देवाला लाख फुले, लाख बेलाची पाने किंवा लाख तांदूळ वाहायचे, त्या व्रताचे हे नाव. पण आज हा शब्द कानावर पडतो तो बहुधा शिव्यांच्या संगतीत. मागे एकदा बी. ए.च्या वर्गात मी त्याचा अर्थ विचारला. पहिल्या बाकावरून उत्तर आले, “शिव्यांची असते ती, सर.” भंडाऱ्याकडचा एक विद्यार्थी म्हणाला, “आमच्याकडं लाखोळीची डाळ असते.” वर्ग हसला, मीही हसलो. देवाची लाखोली मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

यंदा आषाढी एकादशीला ती आमच्या घरी प्रत्यक्ष अवतरली. आईने चातुर्मासात लाख तांदूळ वाहायचे ठरवले.

आमचा वर्ध्याचा मुलूख कापसाचा. इकडच्या आयाबाया देवापुढे लाख वाती लावतात. वाती वळता वळता गप्पाही होतात आणि व्रतही होते. मी आईला म्हटले, “त्यापेक्षा वाती का करत नाहीस? डोळ्यांना ताण नाही.” ती म्हणाली, “वाती हात वळतो. तांदूळ पाहावा लागते.”

आईचे वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या हिवाळ्यात काढला, दुसऱ्याचा काढायचा आहे. रोज दुपारी ती खिडकीशी पाट टाकून बसे. पुढ्यात परात, उजवीकडे पितळी डबा. एकेक दाणा बोटाने पुढे सारायचा, तुटका निघाला तर बाजूला टाकायचा. कारण अक्षता म्हणजे अ-क्षत, न तुटलेली. देवाला कणी चालत नाही. हजार दाणे झाले की ते डब्यात जात आणि माझी मुलगी कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचे एक बोट लावी. व्रत कशासाठी, हे आईने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. सांगितलेला नवस फळत नाही म्हणतात.

माझे वडील आर्वीला गणिताचे मास्तर होते. मी मराठी शिकवीत असलो तरी थोडे गणित रक्तातून आलेच आहे. रसायनशास्त्राच्या एका मित्राच्या तराजूवर मी एक ग्रॅम तांदूळ तोलून घेतला आणि मोजला. दाणे भरले बावन्न. म्हणजे लाख दाणे दोन किलोला थोडे कमीच. रात्री जेवताना मी हा शोध जाहीर केला. “आई, दोन किलो तोलून वाहा. लाखाच्या वरच भरतील. देवाचा काही तोटा नाही.” आई “बरं” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परात घेऊन बसली.

यातली गंमत अशी की, हीच गोष्ट मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगतो, पण दुसऱ्याच्या नावावर. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई अशाच लाख तांदूळ मोजून वाहायच्या. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ आणि चूकभूल म्हणून वर अर्धा तोळा घाल. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचले नाही. संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले की, हा हिशेबाचा प्रश्नच नव्हे. एकेक दाणा मोजताना देवाची आठवण राहते, मोजायचे ते त्यासाठी. याच आईने पुढे मुलाकडे मराठीतली गीता मागितली. ती १९१८ साली गेली. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ती १९३०च्या ऑक्टोबरात, आमच्या वर्ध्यात, आणि १९३१च्या फेब्रुवारीत पुरी केली. हे सांगताना माझा आवाज किंचित भरून येतो. विद्यार्थी गप्प होतात. मग घंटा होते आणि मी घरी येऊन आईला दोन किलोचा हिशेब सांगतो!

पण हिशेब सांगून मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

गणपतीच्या दिवसांत आईचे डोळे सुजले. पाणी थांबेना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. कॅलेंडरवर ओळीने दहा घरे कोरी राहिली. आई पडल्या पडल्या त्या कोऱ्या घरांकडे पाही. मला ते बघवेना. एका संध्याकाळी ती शेजारी आरतीला गेली असताना मी दुकानातून आणलेले दोनशे ग्रॅम तांदूळ तिच्या डब्यात ओतले आणि करंगळीने कुंकवाची दहा बोटे उमटवली. माझ्या गणिताप्रमाणे दहा हजार झाले, वर चार-दोनशे चूकभुलीचे.

दुसऱ्या दिवशी आईने कॅलेंडर पाहिले. “हे कधी मोजले मी?”

मी म्हणालो, “मोजलेस की. थोडे थोडे मोजत होतीस. विसरलीस.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “असंल बाप्पा. आताशा लक्षात राहत नाही.”

त्या क्षणी मला फार सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. आईचा त्रास दहा दिवसांनी कमी केला, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हते.

पितृपक्षात एका दुपारी कॉलेजातून लवकर आलो तर माजघरात जमिनीवर पांढरे लुगडे अंथरलेले, त्यावर डब्यातला सारा तांदूळ ओतलेला आणि आई त्याच्यावर वाकलेली. पाठ पार कमानीसारखी झालेली. मी विचारले, “हे काय?”

“कणी निघाली रे डब्यात. एकदोन नाही, खूप. माझ्या डोळ्यांनं एवढी कणी सोडली म्हणजे आधीचंही काही खरं नाही. पहिल्यापासून मोजते.”

साठ हजारांहून जास्त दाणे होते ते. ती त्यातल्या सातशेपर्यंत आली होती.

खोटे बोलताना माणसाला जितके शब्द सुचतात तितके खरे बोलताना सुचत नाहीत. मी तिच्यासमोर बसलो आणि एका वाक्यात सांगून टाकले. वाटले, रागावेल, रडेल. तिने हातातला दाणा परातीत ठेवला.

“काऊन रे असं केलं?”

“तुझे डोळे...”

“डोळ्यांचं जाऊ दे. तांदूळ काय, पुन्हा मोजता येते. मी पंधरा दिवस समजत होते, माझी आठवण चालली. रात्री पडल्यावर तुम्हां पोरांची नावं म्हणून पाहत होते, येते की नाही.”

यावर मी काय बोलणार? सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही आत निघून गेली.

थोड्या वेळाने आईच म्हणाली, “दहा हजार तुझे. तू मोज. कणी काढून मोज.”

तेव्हापासून रोज रात्री जेवणे झाली की मी परात घेऊन बसतो. देवावर माझी श्रद्धा किती, हे मला नीट सांगता येणार नाही. देवळात मी बाहेरच्या ओट्यावर बसणारा माणूस. तेव्हा दाण्यादाण्याला देव आठवला असे लिहिले तर ती दुसरी लबाडी होईल. मला आठवला माझा थोरला भाऊ.

पहिल्या रात्री तीनशे चाळीसवर मी चुकलो, कारण मध्येच वेगळेच आकडे डोक्यात शिरले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात माझ्या हातून गेलेला पैसा मी एका वहीत टिपून ठेवला आहे. औषधे, नागपूरच्या खेपा, खोलीचे भाडे, तारीखवार. शेताची वाटणी निघाली तेव्हा मी ती वही दादापुढे ठेवली आणि तिच्या जोरावर विहिरीकडचे दीड एकर मागितले. त्या दिवसापासून चार वर्षे आम्ही एकमेकांच्या दारात गेलेलो नाही. दादाने वडिलांच्या उशाशी बसून रात्रीच्या रात्री जागून काढल्या. त्याचा रकाना माझ्या वहीत नाही. आईला मी मोजू नकोस म्हणून सांगत होतो, पण आमच्या घरातला खरा मोजणारा मीच होतो. ती मोजत होती ते द्यायला आणि मी मोजले ते मागायला.

पवनार आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथून विनोबा १९५१ साली हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी गेले. पुढे तेलंगणात हिंडताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झाले. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा धरा आणि माझा हिस्सा द्या, असे ते गावोगाव सांगत. दानातली पुष्कळ जमीन पडीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही मी वर्गात सांगतो. टीका करायला ते बरे पडते. परक्या माणसाला सहावा भाऊ मानून लोकांनी जमीन दिली, त्याच जिल्ह्यात मी एकुलत्या एका भावाशी दीड एकरासाठी अबोला धरून बसलो आहे, हे मात्र कधी माझ्या टिपणांत आले नाही.

तांदूळ मोजता मोजता आणखी एक मोजणी आठवली. गोपुरीचे गीताई मंदिर १९८० साली उघडले. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. ‘गीताई’चा एकेक श्लोक कोरलेले दगड उभे आहेत. आम्ही लहान असताना बाबा आम्हां दोघांना तिथे घेऊन गेले. दादाने एका टोकाकडून दगड मोजायला घ्यावेत, मी दुसऱ्या टोकाकडून, असे ठरले. आम्ही धावतच सुटलो. बेरीज केली तर सातशेच्या कितीतरी वर! मधले दगड दोघांनीही आपापल्या हिशेबात धरले होते. आम्ही भांडायला लागलो. बाबा म्हणाले, “मधले कुणाचे, यावर भांडू नका. दोघं बरोबर चाला आणि पुन्हा मोजा.” दादाने माझा हात धरला आणि आम्ही पुन्हा मोजले. त्या वेळी आकडा किती आला हे मला आठवत नाही. दादाचा हात घामाने ओला होता, एवढे आठवते.

माझे सहा हजार झाले त्या रात्री मी दादाला पत्र लिहिले. फोनवर पहिल्याच वाक्याला आवाज चढला असता. विहिरीकडचे दीड एकर तूच कर, एवढेच लिहिले. आणि दिवाळीला ये, आई वाट पाहते. दुसरे वाक्य लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पत्र टाकल्याचे आईला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “बरं केलं,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “त्याला अनारसे आवडते. पीठ जास्त भिजवायला सांग तिला.” व्रत कशासाठी होते, हे मी अजूनही विचारलेले नाही. विचारायची गरज उरली आहे असे वाटत नाही.

संपादकांचे निकडीचे पत्र आले म्हणून हे आजच लिहून पाठवतो आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पणत्या लागल्या असतील. दादाचे उत्तर अजून आलेले नाही. सध्या कपाशीचा वेचा सुरू व्हायचे दिवस. त्याला सवड नसेल, किंवा त्याच्याही मनात एखादी वही असेल. माझे अकराशे दाणे मोजायचे राहिले आहेत. कणी बरीच निघते.