शिस्त की धाक?

नेरळहून पहाटेच्या लोकलने सरावाला निघालेल्या मुली पाहिल्या की मनात येते : वस्तादाचा मार प्रसाद मानणारी आपली भाषा त्यांना तक्रारीसाठी शब्द तरी देते का? ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सविषयीच्या व्हाइट अहवालाने (२०२२) दुखापतीवरही लादलेला सराव, अन्नपाणी रोखणे, शौचालयाला मनाई, लैंगिक अत्याचार हे सारे नोंदवले. त्याला तेथे 'शिस्त' म्हणत. आपल्याकडे २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा कुस्ती महासंघात कायद्याला अभिप्रेत अशी तक्रार समितीच नव्हती. कायदा मात्र २०१३चा! मल्लखांबाचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्राने (अभिमानाला खर्च येत नाही) स्वतःच्या व्यायामशाळांतही डोकवावे. प्रशिक्षण, निवड आणि न्यायनिवाडा एकाच हाती असेल, तर दहा वर्षांच्या मुलीने 'दुखते' हे सांगावे कोणाला?